लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलताना : निवड आणि दक्षता

पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांत बांधून ठेवलेले मोडी कागद आज दोन-अडीचशे वर्षांनंतरही उघडून वाचता येतात. वाळवी, ओल आणि आग यांपासून जपला तर कागद पिढ्यानपिढ्या टिकतो, हा आपल्या दप्तरखान्यांचा अनुभव आहे. आज मात्र ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या याद्या, सभांची इतिवृत्ते, शाळेच्या गुणनोंदी, लाभार्थ्यांच्या याद्या, कामांची छायाचित्रे आणि पत्रव्यवहार यांचा बराच मोठा भाग लॅपटॉपमधील तळहाताएवढ्या एका हार्ड डिस्कमध्ये साठविलेला असतो. ही डिस्क काही वर्षे निमूटपणे काम करते आणि एके दिवशी, बहुधा मार्चअखेरीच्या धावपळीत, कुरकुरू लागते.

अशा प्रसंगी कार्यालयात पहिला प्रश्न विचारला जातो तो "नवी कोणती घ्यावी?" हा. प्रश्न योग्य असला तरी त्याचा क्रम दुसरा आहे. डिस्क बाजारात मिळते, तिच्यातील नोंदी बाजारात मिळत नाहीत. म्हणून नोंदी वाचविणे हे पहिले काम, लॅपटॉपला जुळणारी डिस्क निवडणे हे दुसरे आणि जुन्या डिस्कची योग्य विल्हेवाट लावणे हे तिसरे. या तिन्ही कामांचा येथे क्रमाने विचार केला आहे.

हार्ड डिस्क म्हणजे काय?

संगणकासाठी पहिली हार्ड डिस्क आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९५६ मध्ये बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, तिचे वजन सुमारे एक टन होते आणि तिच्यात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजच्या मोबाइलवर काढलेले एखादे छायाचित्रही तेवढी जागा घेते. लॅपटॉपमध्ये बसणारी अडीच इंची डिस्क १९८८ मध्ये आली, तेव्हा तिची क्षमता २० मेगाबाइट होती. आज त्याच आकारात त्याच्या हजारो पट मजकूर मावतो.

या डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या असतात. लॅपटॉपमधील तबकडी बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते आणि तिच्यावरून वाचन-लेखन करणारे सूक्ष्म टोक काही नॅनोमीटर अंतरावरून तरंगत फिरते. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ८०,००० नॅनोमीटर असते, हे लक्षात घेतले म्हणजे या अंतराची कल्पना येईल. चालू लॅपटॉप टेबलावर आपटला किंवा दुचाकीवर पिशवीत हिंदकळला तर हे टोक तबकडीवर घासले जाऊ शकते. एकदा ओरखडा पडला की त्या जागेवरील नोंद कायमची गेली असे समजावे.

दुसरा प्रकार एसएसडी या नावाने ओळखला जातो. यात फिरणारा एकही भाग नसतो. पेनड्राइव्हप्रमाणे इलेक्ट्रॉनिक चिपमध्ये नोंदी साठविल्या जातात, मात्र चिपची प्रत आणि तिचे नियंत्रण करणारी यंत्रणा पेनड्राइव्हपेक्षा पुष्कळच वरच्या दर्जाची असते.

आजाराची लक्षणे आणि पहिला उपचार

लॅपटॉप सुरू होण्यास दहा-दहा मिनिटे लागणे, साधी फाइल उघडताना पडदा गोठणे, फाइल "वाचता येत नाही" असा संदेश वारंवार येणे आणि डिस्कमधून टकटक किंवा खरखर असा आवाज येणे ही प्रमुख लक्षणे होत. संथपणा मात्र नेहमीच डिस्कच्या बिघाडामुळे येतो असे नाही. स्मृती, म्हणजे रॅम, अपुरी असणे किंवा व्हायरस हेही त्याचे कारण असू शकते. म्हणून खर्चापूर्वी निदान करून घ्यावे. प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवत असते. या सोयीला 'स्मार्ट' असे नाव आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो यांसारख्या विनामूल्य कार्यक्रमाने ही नोंद वाचता येते. फिरत्या तबकडीच्या डिस्कवरील निकामी झालेल्या व संशयित जागांची संख्या वाढत असेल तर ती बदलण्याची वेळ आली असे समजावे. ही नोंद चांगली असूनही डिस्क अकस्मात बंद पडू शकते, याचेही भान असावे.

लक्षणे दिसताच त्या लॅपटॉपवर नवे काम थांबवून अत्यावश्यक फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. ज्यांची दुसरी प्रत कोठेच नाही अशा फाइलींना अग्रक्रम द्यावा. ज्या नोंदी शासनाच्या संगणक प्रणालीत भरल्या गेल्या आहेत त्या तेथे असतातच. ग्रामपंचायतीचे ऑनलाइन हिशेब किंवा शाळेने यू-डायसवर भरलेली माहिती लॅपटॉप बंद पडल्याने नाहीशी होत नाही. परंतु त्यामागील कच्ची टिपणे, मोजमापे, छायाचित्रे आणि पत्रांचे मसुदे बहुधा केवळ लॅपटॉपवरच असतात.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर लॅपटॉप पुनःपुन्हा चालू करून पाहू नये. प्रत्येक प्रयत्नागणिक तबकडीची हानी वाढते. डिस्क उघडणे किंवा ती शीतपेटीत ठेवणे असले ऐकीव उपाय तर कटाक्षाने टाळावेत. नोंदी मोलाच्या असतील तर डिस्क तशीच बंद ठेवून माहिती परत मिळविणाऱ्या तज्ज्ञ प्रयोगशाळेकडे द्यावी. हे काम खर्चाचे असते आणि यशाची खात्री नसते.

प्रती घेताना हमखास राहून जाणाऱ्या गोष्टी

मराठी कार्यालयांच्या बाबतीत एक अडचण विशेष आहे. युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वीचे ठराव, दाखले आणि प्रश्नपत्रिका श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव अशा प्रणालींच्या टंकांत, म्हणजे फाँटमध्ये, टंकलिखित केलेल्या असतात. फाइल नव्या डिस्कवर आली आणि टंक मागे राहिला, तर पडद्यावर मराठीऐवजी निरर्थक इंग्रजी चिन्हांची रांग दिसते. हे टंक कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये नसून विंडोजच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये असतात. सबब ते आठवणीने वेगळे उतरवून घ्यावेत आणि महत्त्वाच्या जुन्या फाइली सवडीने युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्यात.

हिशेबाच्या कार्यक्रमांचा डेटाही बहुधा वेगळ्या ठिकाणी साठविला जातो. त्याची प्रत त्या कार्यक्रमातील बॅकअपच्या सोयीनेच घेणे इष्ट. डिजिटल स्वाक्षरी यूएसबी टोकनमध्ये असेल तर ती डिस्कबरोबर जात नाही, मात्र ते टोकन ओळखणारा कार्यक्रम नव्या डिस्कवर पुन्हा बसवावा लागतो. लॅपटॉपवर बिटलॉकरसारखे कूटबद्धीकरण चालू असेल तर त्याची पुनर्प्राप्ती-किल्ली आधी लिहून घ्यावी. ती नसेल तर सुस्थितीतील डिस्कही दुसऱ्या यंत्रावर उघडणार नाही.

आपल्या लॅपटॉपमध्ये काय बसेल?

निवडीत सर्वाधिक चुका येथे होतात. "पाचशे जीबीची हार्ड डिस्क द्या" एवढे सांगून आणलेली डिस्क पुष्कळदा बसतच नाही. म्हणून लॅपटॉपचा नेमका नमुना-क्रमांक पाहून उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेत जोडणीचा प्रकार तपासावा, किंवा जुनी डिस्क काढून तिच्यावरील लेबल वाचावे.

सन २००५ च्या सुमारापर्यंतच्या लॅपटॉपमध्ये अनेक टाचण्यांची रुंद आयडीई जोडणी असे. असे यंत्र आज वापरात असेल तर त्यावर खर्च करण्यात अर्थ नाही. त्यानंतरच्या लॅपटॉपमध्ये प्रामुख्याने अडीच इंची साटा डिस्क आढळते. तिची रुंदी सुमारे ७० मिलिमीटर आणि लांबी सुमारे १०० मिलिमीटर असते. जाडी मात्र सारखी नसते. जुन्या यंत्रांत ९.५ मिलिमीटर जाडीची, तर सडपातळ यंत्रांत ७ मिलिमीटरची डिस्क असते. ७ मिलिमीटरची डिस्क ९.५ च्या खाचेत लहानशी चौकट लावून बसविता येते, पण ९.५ ची डिस्क ७ च्या खाचेत जात नाही. साटाच्या पिढ्या परस्परांशी जुळतात. नवी डिस्क जुन्या साटा लॅपटॉपमध्ये चालते, फक्त तिचा वेग त्या यंत्राच्या मर्यादेत राहतो.

अलीकडील लॅपटॉपमध्ये एम.२ या नावाची च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसणारी डिस्क असते. तिच्यावरील २२८० या आकड्याचा अर्थ २२ मिलिमीटर रुंद व ८० मिलिमीटर लांब असा होतो. २२४२ म्हणजे तीच रुंदी, पण लांबी ४२ मिलिमीटर. याच पट्टीत साटा आणि एनव्हीएमई असे दोन वेगळे प्रकार असतात आणि येथे मोठी फसगत होते. साटा पट्टीला बहुधा दोन खाचा, तर एनव्हीएमई पट्टीला बहुधा एक खाच असते. मात्र केवळ खाचांवर विसंबू नये. पट्टी खाचेत नीट बसली तरी लॅपटॉप तो प्रकार ओळखत नसेल तर ती चालणार नाही.

काही स्वस्त व काही अतिसडपातळ लॅपटॉपमध्ये साठवणुकीची चिप मुख्य फलकावरच डाक लावून बसविलेली असते. ती नेहमीच्या रीतीने बदलता येत नाही. तसेच बाहेरून जोडण्याची तयार यूएसबी डिस्क फोडून आतील डिस्क लॅपटॉपला लावण्याचा विचारही करू नये. अशा अनेक डिस्कमध्ये यूएसबीची जोडणी मूळ फलकावरच असते, तर काहींची जाडी लॅपटॉपच्या खाचेत मावत नाही.

फिरती तबकडी की एसएसडी?

लॅपटॉपच्या आत बसवायची असेल तर आज एसएसडी हेच उत्तर बहुतेक प्रसंगी योग्य ठरते. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एक फेरा पूर्ण करण्यास सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. त्यात टोक योग्य जागी नेण्याचा वेळ मिळविला म्हणजे अशी डिस्क एका सेकंदात शंभराहूनही कमी विखुरलेल्या नोंदींपर्यंत पोहोचते. एसएसडी तेवढ्याच वेळात हजारो नोंदी वाचते. लॅपटॉप सुरू होताना अशाच असंख्य लहान नोंदी वाचल्या जात असल्याने फरक तत्काळ जाणवतो. सलग वाचनात साटा एसएसडीचा वेग सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइटपर्यंत जातो. एनव्हीएमईचा वेग त्याच्या कितीतरी पट असला तरी पत्रव्यवहार, तक्ते आणि ऑनलाइन अर्ज या कामांत तो फरक फारसा जाणवत नाही. त्यामुळे लॅपटॉप साटाचा असेल तर खंत करण्याचे कारण नाही. हादऱ्यांपासूनचे संरक्षण हा एसएसडीचा आणखी एक लाभ होय. वाडी-वस्त्यांवर लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्या कर्मचाऱ्यास तो अधिक महत्त्वाचा वाटेल.

एसएसडीवर किती वेळा लिहिता येईल याला मर्यादा असते, ही शंका पुष्कळांना असते. ती खरी आहे, पण प्रमाणात पाहावी. चांगल्या प्रतीच्या ५०० गिगाबाइटच्या एसएसडीवर ३०० टेराबाइटपर्यंत लेखनाची हमी सर्रास आढळते. रोज २० गिगाबाइट लिहिले, आणि कार्यालयात एवढे क्वचितच लिहिले जाते, तरी वर्षाला ७.३ टेराबाइट होतात. या हिशेबाने ती मर्यादा गाठण्यास ४१ वर्षे लागतील. त्याआधीच लॅपटॉप कालबाह्य होईल. चिपच्या एका कप्प्यात तीन अंश साठविणाऱ्या प्रकारास टीएलसी आणि चार साठविणाऱ्यास क्यूएलसी म्हणतात. किमतीत थोडाच फरक असेल तर टीएलसी पसंत करावी.

एसएसडीचे दोन दोषही माहीत असावेत. तिच्यावरून पुसलेली फाइल परत मिळविणे बहुधा अशक्य असते, कारण रिकामी झालेली जागा ती स्वतःच आतून साफ करीत असते. दुसरे असे की, वीज न मिळता कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या एसएसडीतील नोंदी क्षीण होऊ शकतात. म्हणून जतनाच्या प्रतीसाठी फिरत्या तबकडीची बाह्य डिस्क आजही उपयुक्त आहे. तीही वर्षातून एक-दोनदा जोडून तपासावी. पेनड्राइव्हला जतनाचे साधन मानू नये.

क्षमता किती असावी?

५०० गिगाबाइटची डिस्क लावल्यावर विंडोज ४६५ असा आकडा दाखविते आणि खरेदी करणाऱ्यास फसगत झाल्यासारखे वाटते. वास्तविक ही मोजणीच्या पद्धतीतील तफावत आहे. उत्पादक हजाराच्या पटीने मोजतो, विंडोज १,०२४ च्या पटीने. एक टेराबाइटची डिस्क याच कारणाने ९३१ दाखविते.

गरजेचा अंदाज सोपा आहे. स्कॅन केलेले एक पान एक मेगाबाइटचे धरले तरी एक लाख पानांना सुमारे १०० गिगाबाइट लागतात. विंडोज व इतर कार्यक्रमांसाठी आणखी तेवढी जागा धरावी. यावरून सर्वसाधारण कार्यालय किंवा शाळेला ५०० किंवा ५१२ गिगाबाइट पुरेसे होतात. चित्रफिती मोठ्या प्रमाणात ठेवायच्या असतील तरच एक टेराबाइटचा विचार करावा. डिस्कचा सुमारे पंधरा ते वीस टक्के भाग नेहमी मोकळा असावा. दोन टेराबाइटची एकच डिस्क घेण्यापेक्षा ५०० गिगाबाइटची एसएसडी आणि उरलेल्या पैशात एक बाह्य डिस्क घेणे अधिक शहाणपणाचे, कारण त्यामुळे दुसरी प्रत ठेवण्याची सोय होते.

जुन्या यंत्रावर खर्च करण्यापूर्वी त्याचे उर्वरित आयुष्यही पाहावे. विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी ४ गिगाबाइट रॅम, ६४ गिगाबाइट साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय किमान आवश्यक असून प्रक्रियकही मान्यताप्राप्त यादीतील असावा लागतो. यंत्र यात बसत नसेल तर नवा लॅपटॉप किंवा लिनक्सवर आधारित प्रणाली यांचा विचार करावा. सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही त्यांपैकीच एक होय. मात्र कार्यालयातील मुद्रक, स्वाक्षरी-टोकन व हिशेबाचे कार्यक्रम तिच्यावर चालतात किंवा नाही हे आधी पाहावे.

मागणीपत्र आणि खरेदी

मागणीपत्रातील वर्णन नेमके असेल तर पुढील वाद टळतात. उदाहरणार्थ : "अंतर्गत एसएसडी, अडीच इंची, साटा ६ गिगाबिट, जाडी ७ मिलिमीटर, क्षमता किमान ४८० गिगाबाइट, टीएलसी, उत्पादकाची किमान तीन वर्षांची हमी, लेखनाची हमी टेराबाइटमध्ये नमूद असावी, सोबत ९.५ मिलिमीटरची चौकट." एम.२ असल्यास लांबी आणि साटा की एनव्हीएमई हे अवश्य लिहावे. खरेदी शासकीय ई-बाजारपेठेतून होवो वा स्थानिक विक्रेत्याकडून, हेच वर्णन उपयोगी पडते.

अविश्वसनीय वाटावी इतक्या कमी किमतीत मोठी क्षमता देऊ करणारी वस्तू संशयास्पद मानावी. काही बनावट डिस्क मोठी क्षमता दाखवितात आणि खरी मर्यादा ओलांडली की आधीच्याच नोंदींवर लिहू लागतात. म्हणून डिस्क ताब्यात घेताना अनुक्रमांक उत्पादकाच्या संकेतस्थळावर पडताळावा आणि वापरापूर्वी ती पूर्ण भरून पुन्हा वाचून पाहावी.

जुनी डिस्क सुस्थितीत असेल तर यूएसबी जोडणीच्या साहाय्याने तिची जशीच्या तशी प्रतिकृती नव्या डिस्कवर उतरविता येते. ती आजारी असेल तर फाइली आधी उतरवून नव्या डिस्कवर प्रणाली नव्याने बसवावी. काम बाहेरच्या दुकानात होणार असेल तर जबाबदार कर्मचाऱ्याने तेथे उपस्थित राहावे आणि जुनी डिस्क परत घेतल्याशिवाय देयक मंजूर करू नये. लॅपटॉपची बॅटरी निकामी असेल तर तीही बदलावी. वीज गेल्यावर तत्क्षणी बंद पडणाऱ्या यंत्रात लिहिली जात असलेली नोंद अर्धवट राहते आणि नवी डिस्कही या धोक्यातून सुटत नाही.

जुन्या डिस्कची विल्हेवाट

बंद पडलेली डिस्क म्हणजे टाकाऊ वस्तू, असा समज धोक्याचा आहे. तिच्यात नागरिकांचे आधार क्रमांक, बँक खाती, विद्यार्थ्यांची माहिती आणि वैद्यकीय दाखले असू शकतात. फाइली पुसल्याने किंवा साधे फॉरमॅट केल्याने ही माहिती नष्ट होतेच असे नाही. चालू स्थितीतील तबकडी-डिस्कवर संपूर्ण जागेवर नवे लेखन करावे. एसएसडीसाठी उत्पादकाने दिलेली सुरक्षित पुसण्याची आज्ञा वापरावी. चालतच नसेल अशा डिस्कची तबकडी किंवा चिप फोडून निकामी करावी. हमीच्या काळात बिघडलेली डिस्क बदलून घेताना ती उत्पादकाकडे जाते, हेही ध्यानात घेऊन निर्णय करावा. सुरुवातीपासून कूटबद्धीकरण चालू ठेवले असेल तर ही चिंता पुष्कळ कमी होते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मागील भूमिका हीच आहे की, नागरिकाची माहिती ज्याच्या हाती सोपविली त्याने ती सांभाळावी.

महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ लागू असलेल्या कार्यालयांनी, नष्ट करावयाच्या डिस्कमधील अभिलेखांची प्रत सुरक्षित असल्याची खात्री आधी करून घ्यावी. त्यानंतर जडवस्तू संग्रह नोंदवहीत नोंद घेऊन विहित पद्धतीने निर्लेखन करावे. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले आहेत. त्यांनुसार अशी वस्तू भंगारवाल्यास न देता नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पोहोचविली पाहिजे.

दर शुक्रवारचा अर्धा तास

नवी डिस्क बसली, लॅपटॉप झटपट सुरू होऊ लागला, म्हणजे काम संपले असे नाही. नवी डिस्कही एके दिवशी जुनी होणार आहे. महत्त्वाच्या नोंदींच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक कार्यालयाच्या इमारतीबाहेर सुरक्षित असावी, हा जगभर मान्य झालेला नियम आहे. ग्रामपंचायतीला किंवा दोन शिक्षकी शाळेलाही तो पाळता येतो. दर शुक्रवारी कार्यालय बंद करण्यापूर्वी अर्धा तास त्यासाठी राखावा, कोणी प्रत घेतली याची एका साध्या वहीत सही ठेवावी आणि तीन महिन्यांतून एकदा त्या प्रतीतील चार-दोन फाइली उघडून पाहाव्यात. न उघडून पाहिलेल्या प्रतीवर विसंबणे म्हणजे कुलूप न तपासता गावाला जाण्यासारखे आहे.

दाखल्यासाठी पाच मैल चालत आलेल्या वृद्ध शेतकऱ्याला किंवा प्रवेशाच्या मुदतीच्या दिवशी गुणनोंद मागणाऱ्या विद्यार्थिनीला "डिस्क उडाली" हे उत्तर ऐकावे लागू नये, यासाठी ही सारी खटपट आहे. पूर्वी रुमालाची गाठ नीट बांधली की कारकुनाचे काम पुरे होई. आज त्या गाठीची जागा दर शुक्रवारच्या प्रतीने घेतली आहे.